बाबांची सही आणि बारा पानी फॉर्म

मंडळी, गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमातली ही गोष्ट. हायस्कूलच्या हॉलबाहेर नेहमीप्रमाणे टेबले मांडलेली होती. एकावर विमा, एकावर घरविक्री, एकावर आपल्या मराठी शाळेची नावनोंदणी. चौथ्या टेबलावर एका युनिव्हर्सिटीतली मुलगी बसली होती. दक्षिण आशियाई लोकांमधला मधुमेह हा त्यांच्या विभागाच्या संशोधनाचा विषय. साठीच्या पुढची, मधुमेह असलेली माणसे त्यांना हवी होती. बारा आठवडे रोज एक गोळी घ्यायची, चार वेळा रक्त द्यायचे, आणि प्रत्येक खेपेला दुकानात चालणारे पंचवीस डॉलरचे कार्ड मिळणार.

आमचे बाबा तेव्हा इकडे आलेले होते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मधुमेह जुनाच. त्या मुलीने त्यांच्यापुढे बारा पानांचा फॉर्म ठेवला. "घरी न्या, सावकाश वाचा, मग ठरवा," असे ती दोनदा म्हणाली, हे मुद्दाम सांगायला हवे. बाबांनी आमच्याकडे पाहिले. आत नाटकाची दुसरी घंटा झाली होती आणि जागा धरायच्या होत्या. आम्ही म्हणालो, "करा सही बाबा. युनिव्हर्सिटीचं काम आहे, काही नसतं त्यात."

बाबांनी सही केली. एका मिनिटात.

नाटक छान झाले. रात्री घरी आल्यावर चहा टाकला आणि सहज म्हणून फॉर्मची प्रत उघडली. चहा तसाच गार झाला.

फॉर्ममध्ये लपवाछपवी काहीच नव्हती. सगळे स्वच्छ लिहिलेले होते, फक्त आम्ही ते वाचले नव्हते. निम्म्या लोकांना नवे औषध मिळणार होते आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले ते शेवटपर्यंत ना रोग्याला कळणार, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. रक्ताचे नमुने साठवून पुढे दुसऱ्या संशोधनांसाठी वापरले जाणार होते, त्यात आनुवंशिक तपासण्याही आल्या. घेत असलेली सगळी औषधे, जडीबुटीसुद्धा, लिहायची होती. बाबांनी तिथे फक्त डॉक्टरांच्या गोळ्या लिहिल्या होत्या. गावाहून आणलेले कडू चूर्ण त्यांच्या लेखी औषधात जमा नव्हते! शेवटची तपासणी होती परतीच्या तिकिटाच्या नऊ दिवस नंतर. आणि नवव्या पानावर होते की गोळीमुळे काही अपाय झाला तर उपचार केले जातील, मात्र त्याचे बिल सहभागी व्यक्तीला किंवा तिच्या विमा कंपनीला जाईल. आम्ही बाबांच्या प्रवासी विम्याची पुस्तिका काढली. प्रायोगिक उपचारांतून उद्भवलेला कुठलाही खर्च त्यात वगळलेला होता.

सकाळी बाबांना विचारले, "बाबा, काल सही कशासाठी केलीत असं तुम्हाला वाटतं?"

"अरे, इथले मोठे डॉक्टर साखरेवर नवीन औषध देणार आहेत. तेही फुकट. नाही कशाला म्हणायचं?"

आमची पीएच.डी. रसायनशास्त्रातली. आमचे प्रयोग काचेच्या फ्लास्कमध्ये चालतात, आणि फ्लास्कची संमती घ्यावी लागत नाही. तरीही युनिव्हर्सिटीत इतकी वर्षे काढल्यावर हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते. बाबांना उपचार वेगळा आणि संशोधन वेगळे याची कल्पना नव्हती, आणि ज्याने ती द्यायची तो माणूस नाटकाला जागा धरायला धावला होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

उपचार आणि संशोधन

आपला डॉक्टर औषध देतो तेव्हा त्याच्यासमोर आपण एकटे असतो आणि आपल्याला बरे करणे हे त्याचे काम असते. संशोधकाला मात्र एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. तो माणूस भला असेल, आपली काळजीही घेईल, पण गोळी कोणाला द्यायची हे तो आपली प्रकृती पाहून ठरवत नाही. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. हे गैर नाही. औषधाचा गुण खरा की मनाचा, हे ओळखायला याहून खात्रीची रीत नाही. पण ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला हे माहीत असलेच पाहिजे.

ते माहीत नसले की काय होते, याचा या देशातला सर्वांत वाईट दाखला अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीचा. १९३२ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने तिथल्या टस्कीगी या कृष्णवर्णीय शिक्षणसंस्थेच्या सहकार्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष गोळा केले. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश म्हणजे सिफिलिस होता आणि २०१ जणांना नव्हता. त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही, 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. फुकट तपासणी, फुकट जेवण आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च, एवढ्यावर ती माणसे येत राहिली. पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढायचे होते ते तपासणीसाठी, पण त्यांना पत्र गेले 'खास मोफत उपचारा'चे. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हा या रोगावरचा नेहमीचा इलाज झाला होता. तो त्यांना दिला नाही. उपचार न केलेला रोग कुठवर जातो हे पाहायचे होते ना!

हे चाळीस वर्षे चालले. १९७२ साली पीटर बक्स्टन नावाच्या, आरोग्य खात्यात काम केलेल्या माणसाने माहिती बाहेर दिली, असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांनी बातमी केली आणि अभ्यास बंद पडला. १९९७ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने जाहीर माफी मागितली. तेव्हा हयात असलेल्यांपैकी काही वृद्ध समोर बसलेले होते.

त्या माणसांनाही वाटत होते की आपल्याला औषध मिळते आहे. बाबांचे वाक्य ऐकल्यावर आम्हाला हे आठवले आणि अंगावर काटा आला. आजची युनिव्हर्सिटी १९३२ ची नाही, हे खरे. पण ती तशी राहिली नाही ती मुख्यतः त्या बारा पानांमुळे आणि त्यामागच्या नियमांमुळे. १९७४ साली अमेरिकेत मानवी संशोधनाचा कायदा झाला. त्यानुसार नेमलेल्या आयोगाने १९७९ मध्ये 'बेलमाँट अहवाल' दिला. त्यात तीन तत्त्वे आहेत. माणसाचा मान राखा, म्हणजे त्याला समजावून सांगा आणि त्याला ठरवू द्या. त्याचे भले पाहा, अपाय कमीत कमी होऊ द्या. आणि न्याय करा, म्हणजे धोका एकाच्या पदरी आणि फायदा दुसऱ्याच्या, असे होऊ देऊ नका.

पोळीतले लोखंड

'हे सगळे इथल्या लोकांचे, आपला काय संबंध?' असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या स्वयंपाकघराजवळची एक हकिकत. १९६९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात, दक्षिण आशियातून आलेल्या २१ बायकांच्या घरी संशोधनासाठी केलेल्या चपात्या पोचवल्या जात. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्तक्षय फार, तेव्हा चपातीतले लोह अंगी किती लागते, हा प्रश्न होता. प्रश्न चांगलाच होता. पण ते लोह किरणोत्सारी होते, लोह-५९. पुढे या बायकांना हारवेल इथल्या अणुसंशोधन केंद्रात नेऊन अंगात किती किरणोत्सार राहिला ते मोजले गेले.

रसायनशास्त्र शिकलेली माणसे म्हणून सांगतो, लोह-५९ साधारण ४५ दिवसांत निम्मे होते आणि अशा अभ्यासात ते अगदी थोडे वापरतात. धोका फार कमी होता, असेच नंतरच्या चौकशीत म्हटले गेले. पण दुखणे वेगळ्याच जागी आहे. यांतल्या कित्येक बायकांना इंग्रजी जेमतेम येत होते. आपण काय खातो आहोत हे आपल्याला समजलेच नव्हते, असे त्यांतल्या काहींनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुढे सांगितले. १९९५ साली टेलिव्हिजनवरच्या माहितीपटामुळे गोष्ट बाहेर आली, आणि २०२३ मध्ये तिथल्या खासदाराने पुन्हा चौकशीची मागणी केली. पन्नासहून अधिक वर्षांनीही घरची माणसे विचारत आहेत, 'आमच्या आईला नीट का सांगितले नाही?'

परक्या देशात आलेली, भाषा न येणारी, दारी आलेल्याला नाही न म्हणणारी बाई. मंडळी, ही आपल्या ओळखीची नाही का? आपल्या आया, सासवा, मावश्या उन्हाळ्यात इकडे येतात त्या अशाच. माहिती समजेल अशा भाषेत द्यावी असे इथले फेडरल नियम सांगतात. दुभाषा मागण्यात संकोच नको. आणि दुभाष्याचे काम आपल्याकडे आले तर 'काही नसतं त्यात' हा अनुवाद होत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

नाही म्हणायची सोय

मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. प्लेगच्या साथीत डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मोठ्या मनाचा माणूस. त्यानंतर काही दिवसांतच भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैदी आपखुशीने पुढे आले, अशी नोंद आहे. साथ भिंतीपलीकडे आली होती, तेव्हा आलेही असतील. पण कुलपाआड असलेल्या माणसाची खुशी किती खरी धरायची? हाच प्रश्न पुढे या देशात विचारला गेला आणि १९७८ पासून कैद्यांवरच्या संशोधनाला वेगळे, कडक नियम लागले.

कुलूप दर वेळी लोखंडाचे असते असे नाही. २००१ साली जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत दम्यावरच्या अभ्यासात एलन रोश ही २४ वर्षांची निरोगी तरुणी सहभागी झाली. ती त्याच युनिव्हर्सिटीच्या दमा केंद्रात नोकरीला होती. तिला हेक्झामेथोनियम नावाचे रसायन श्वासावाटे दिले गेले. हे १९५० च्या दशकात रक्तदाबावर वापरत असत. तिची फुप्फुसे निकामी झाली आणि २ जूनला ती गेली. चौकशीत दिसले की या रसायनाने फुप्फुसांना अपाय झाल्याच्या नोंदी १९५० च्या दशकातल्या नियतकालिकांत होत्या, पण संशोधकाच्या शोधात त्या आल्याच नाहीत. असे श्वासावाटे देण्याला सरकारी मान्यता नव्हती, हेही संमतिपत्रात सांगितलेले नव्हते. त्या जुलैत सरकारने तिथले केंद्रीय पैशावरचे जवळजवळ सगळे मानवी संशोधन काही दिवस थांबवले.

संगणकावर नाव टाकायचे, पहिल्या पानावर जे येईल ते वाचायचे आणि ग्रंथालयाच्या तळघरातले जुने खंड तसेच धूळ खात ठेवायचे, ही सवय आम्हा रसायनवाल्यांनाही आहे. म्हणून ही हकिकत आम्हाला जास्त लागते.

एलन रोशवर कोणी जबरदस्ती केली असे नाही. पण आपल्याच विभागातल्या अभ्यासाला नाही म्हणणे कोणालाही थोडे जड जाते. आपल्या मंडळात विद्यार्थी पुष्कळ आहेत. ज्या प्रोफेसरच्या हाती आपली स्कॉलरशिप आणि पर्यायाने व्हिसा, त्यांनीच 'जरा आमच्या अभ्यासात ये ना' म्हटले तर? तेव्हा लक्षात ठेवा, सहभाग ऐच्छिक आहे, नाही म्हटल्याने किंवा मधेच सोडल्याने तुमचे काही नुकसान होणार नाही, असे संमतिपत्रात लिहावेच लागते. ती शोभेची ओळ नव्हे.

पाच जणांची समिती

या सगळ्यावर नजर ठेवायला युनिव्हर्सिटीत एक समिती असते. तिला आय.आर.बी. म्हणतात. तिच्यात निदान पाच सभासद लागतात. त्यांतला निदान एक विज्ञानाबाहेरचा आणि निदान एक त्या संस्थेशी संबंध नसलेला हवा. म्हणजे एखादा वकील, शिक्षिका, गृहिणी, निवृत्त कारकूनसुद्धा चालतो. फॉर्म वाचून 'मला हे वाक्य कळलं नाही' म्हणणारा माणूस तिथे मुद्दाम बसवलेला असतो. आपल्यापैकी कोणाला वेळ आणि आवड असेल तर आपल्या गावच्या युनिव्हर्सिटीकडे जरूर चौकशी करावी. आपल्या लोकांच्या चालीरीती जाणणारे कोणी त्या टेबलाशी असेल तर सर्वांचाच फायदा.

इतके वाचून 'नकोच ते संशोधन' असे मात्र म्हणू नका. हृदयविकाराबद्दल जग जे शिकले त्यातले बरेचसे मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,२०९ माणसांनी १९४८ पासून शिकवले, आणि ती बहुतेक सगळी गोरी होती. आपल्याला हृदयविकार आणि मधुमेह लवकर का गाठतात, हे त्यांच्या रक्तातून कसे कळणार? म्हणून २०१० साली सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात दक्षिण आशियाई लोकांचाच एक अभ्यास सुरू झाला. त्याचे नाव चक्क 'मसाला'! त्यात सुरुवातीला ९०० हून अधिक जण सहभागी झाले. बेलमाँट अहवालातल्या न्यायाची ही दुसरी बाजू. आपण कोणीच गेलो नाही, तर आपल्या आजारांची उत्तरे आपल्याला कोण देणार? जावे, पण डोळे उघडे ठेवून.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

हे कात्रण फ्रिजवर लावून ठेवायला हरकत नाही.

१. हा उपचार आहे की संशोधन? मला औषध नसलेली गोळी मिळण्याची शक्यता किती?

२. मी यात आलो नाही, तर माझ्या दुखण्यावर दुसरा कोणता इलाज आहे?

३. काय काय धोके आहेत? मी घेत असलेल्या गोळ्या, चूर्णे, काढे यांच्याशी काही बिघडेल का? (सगळी नावे लिहा. चूर्णसुद्धा!)

४. अपाय झाला तर उपचार कोण करणार आणि बिल कोण भरणार? भारतातून आलेल्यांनी प्रवासी विमा आधी तपासावा.

५. माझ्या रक्ताचे आणि माहितीचे पुढे काय होणार? कोणाला दिले जाईल, किती वर्षे ठेवतील?

६. मधेच सोडायचे झाले तर कोणाला सांगायचे? औषध एकदम बंद केलेले चालेल का?

७. तक्रार कोणाकडे? संशोधकाखेरीज दुसरा एक फोन नंबर फॉर्मवर असतो, तो शोधून ठेवा.

जानेवारी २०१९ पासून फेडरल नियमांखालच्या बहुतेक संशोधनात फॉर्मच्या सुरुवातीलाच महत्त्वाच्या गोष्टी थोडक्यात द्याव्या लागतात. निदान तेवढे तरी नीट वाचा. मुलांना घेणार असतील तर आईवडिलांची परवानगी लागतेच, शिवाय समजत्या वयाच्या मुलालाही विचारावे लागते. तेव्हा घरात आपणही त्याला विचारावे.

तर बाबांचे पुढे काय झाले? सोमवारी फॉर्मवरच्या नंबरावर फोन केला. तिथल्या नर्सबाईंनी पाऊण तास दिला. आम्ही वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगत होतो आणि बाबा वहीत लिहून घेत होते. चूर्णाचे नाव ऐकल्यावर त्या म्हणाल्या, हे आधी कळले असते तर आम्हीच थांबवले असते. विम्याचे आणि तिकिटाचेही बोलणे झाले. शेवटी बाबांनी या अभ्यासातून नाव काढून घेतले. "सॉरी म्हण त्यांना," ते म्हणाले. त्यावर नर्सबाई म्हणाल्या, सॉरी कशाला, हे विचारायलाच तर हा नंबर आहे. महिनाभराने त्याच विभागाच्या एका साध्या अभ्यासात, जिथे फक्त प्रश्नांची उत्तरे आणि एकदा रक्त द्यायचे होते, बाबा स्वतःहून गेले. त्या वेळी फॉर्म त्यांच्या खिशात तीन दिवस होता आणि समासात पेन्सिलीने खुणा होत्या.

आम्ही त्यांच्याजवळ चूक कबूल केली. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शाळेत प्रगतिपुस्तकं घरी पाठवायचो. पोरगं गणितात नापास आणि बापाची सही झोकात! न वाचता केलेली. मी ती परत पाठवायचो. 'वाचून सही करा' असं लाल शाईनं लिहून." आणि हसून म्हणाले, "या खेपेला माझंच पुस्तक परत आलं."

मंडळी, आपल्याकडे कोणाच्या घरी असा फॉर्म आला असेल, विशेषतः घरात वडीलधारी पाहुणे असतील, तर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी मंडळाच्या वाचनालयाच्या टेबलाशी तो घेऊन या. औषधाचा सल्ला आम्ही देणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. पण शेजारी बसून पानन् पान मराठीत वाचून नक्की दाखवू. नाटकाची घंटा झाली तरी उठणार नाही.